न पळता बचाव कसा करतात? पॉल मॅकग्राच्या गुडघ्यांची गोष्ट

ॲस्टन व्हिला हा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरातला जुना फुटबॉल क्लब. शहराबाहेर बॉडीमूर हीथला त्यांचं सरावाचं मैदान आहे. १९९०च्या आसपासचा आठवड्यातला कुठलाही दिवस डोळ्यांसमोर आणा. सगळा संघ मैदानावर घाम गाळतोय, धावतोय, एकमेकांना अडवतोय. संघातला सगळ्यात भरवशाचा बचावपटू मात्र त्यांच्यात नाही. तो आत व्यायामाच्या सायकलवर थोडा वेळ पाय चालवतो, फिजिओला गुडघे दाखवतो आणि घरी जातो. शनिवारी तोच माणूस पाच नंबरचा शर्ट घालून उतरतो आणि ९० मिनिटं असा खेळतो की समोरच्या आघाडीपटूला चेंडू सापडता सापडत नाही. हे एखाद-दुसऱ्या आठवड्यापुरतं नव्हतं. सात हंगाम हेच चाललं.

त्याचं नाव पॉल मॅकग्रा. आपल्याकडे मॅकग्रा म्हटलं की ऑफ स्टंपच्या जरा बाहेर, एकाच टप्प्यावर चेंडू टाकत राहणारा ऑस्ट्रेलियाचा ग्लेन आठवतो. आडनाव तेच, आणि ते मुळात आयरिशच. आयर्लंडमध्ये ते नुसतं 'मग्रा' असं उच्चारतात, म्हणून तर डब्लिनच्या प्रेक्षकांची 'ऊ आ पॉल मग्रा' ही आरोळी जमून आली.

फुटबॉल बघताना आपले डोळे चेंडूवर असतात. त्यामुळे गोल करणारा दिसतो, पास देणारा दिसतो, झेपावणारा गोलरक्षकही दिसतो. बचावपटू दिसतो तो चुकला की. त्याचं खरं काम चेंडू यायच्या आधी होऊन गेलेलं असतं. हे काम समजून घ्यायचं तर मॅकग्राइतकं चांगलं उदाहरण माझ्या माहितीत नाही. कारण गुडघ्यांनी त्याच्याकडून धावणं जवळजवळ काढून घेतलं होतं, आणि धावणं वजा केल्यावर जे उरतं तो निव्वळ बचाव.

आधी जागा समजून घेऊ. साधारणपणे गोलरक्षकाच्या पुढे चार बचावपटू असतात. दोघं कडेला आणि दोघं मधोमध. या मधल्यांना सेंटर बॅक म्हणतात. समोरच्या संघाचा मुख्य गोल करणारा खेळाडू यांच्याच अंगावर येतो. कडेचा बचावपटू चुकला तर मधले सावरून घेतात. मधला चुकला तर मागे फक्त गोलरक्षक असतो.

आता आघाडीपटू चेंडू घेऊन या मधल्या बचावपटूकडे येतोय. नवखा असेल तर तो लगेच पाय घालतो. चेंडू मिळाला तर टाळ्या, हुकला तर आघाडीपटू मोकळा. मुरलेला बचावपटू पाय घालत नाही. तो तिरका उभा राहतो, एक खांदा पुढे, एक मागे, म्हणजे कुठल्याही बाजूला वळायला वेळ लागत नाही. एकेक पाऊल मागे सरकत तो समोरच्याला गोलापासून दूर, मैदानाच्या कडेकडे ढकलत नेतो. नजर समोरच्याच्या पायांतल्या करामतींवर नसते, त्याच्या कमरेवर असते. पाय फसवू शकतात, खांदे फसवू शकतात. कंबर ज्या बाजूला वळली त्याच बाजूला माणूस जाणार. या सगळ्यात तीन-चार सेकंद जातात आणि तेवढ्यात बाकीचे बचावपटू परत आपापल्या जागी येतात.

कबड्डी खेळलेल्याला हे वेगळं सांगायला नको. चढाईपटू आत आला की कोपऱ्यातला खेळाडू पहिल्याच क्षणी पाय धरायला झेपावत नाही. तो चढाईपटूचं वजन कुठल्या पायावर आहे ते बघतो, त्याला आत येऊ देतो, आणि पाऊल परत फिरायच्या क्षणाची वाट बघतो. लवकर झेप घेतली तर गुण गेला.

हे झालं चेंडू समोर असताना. खरी परीक्षा असते ती बचावपटूच्या मागे टाकलेल्या लांब पासची. इथे वेग लागतो असं सगळ्यांना वाटतं, आणि लागतोही. पण जरा हिशेब करून बघू. समजा आघाडीपटू सेकंदाला ८ मीटर पळतो आणि बचावपटू ७. चेंडू २० मीटर पुढे पडणार आहे. आघाडीपटू तिथे अडीच सेकंदांत पोहोचेल. तेवढ्या वेळात बचावपटू साडेसतरा मीटर जाईल. म्हणजे तो अडीच मीटरनं मागे पडला. हे अंतर भरून काढायला वेग वाढवायची गरज नाही. साधारण एक तृतीयांश सेकंद आधी निघालं, किंवा आधीच अडीच मीटर मागे उभं राहिलं, की दोघं बरोबरीत पोहोचतात.

हा एक तृतीयांश सेकंद कुठून आणायचा? पास देणाऱ्याच्या अंगावरून. लांब पास द्यायच्या आधी तो चेंडू थोडा पुढे सरकवतो, मान वर करून एकदा बघतो आणि पाय मागे नेतो. मान वर झाली तोच मागे सरकायचा क्षण. चेंडू पायाला लागायची वाट बघितली तर उशीर झाला. इंग्रजीत याला खेळ वाचणं म्हणतात, आणि तो शब्द मला पटतो. आपण वाचताना एकेक अक्षर जोडत बसत नाही, ओळीचा रोख कळतो आणि पुढचा शब्द आधीच डोक्यात येतो. मॅकग्रा समोरच्या दहा खेळाडूंच्या अंगावरून पुढची चाल तशी वाचत असे. त्याच्या खेळाची चित्रफीत बघताना सतत वाटत राहतं की चेंडूच त्याच्याकडे येतोय. तो तिथे आधीपासून उभा असतो, एवढंच.

हे त्याला जन्मतःच येत होतं असं कुणी म्हणेल. काही अंशी खरंही असेल. पण तरुणपणी तो चांगला उंच, धिप्पाड आणि वेगवान होता. मग गुडघे गेले.

गुडघ्याचा विषय थोडा सविस्तर घ्यायला हवा, कारण त्याच्या कारकिर्दीचं गणितच त्यावर बसलेलं आहे. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांवर टेकतात तिथे मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या असतात. आपल्या घरातली मोठी माणसं यालाच गुडघ्यातली गादी म्हणतात. शरीराचं वजन ही गादी झेलते. फुटबॉलमध्ये पाय जमिनीत रुतलेला आणि अंग वळलेलं, अशा स्थितीत धक्का बसला की ती फाटते. तिच्या बऱ्याचशा भागाला रक्तपुरवठाच नसतो, त्यामुळे फाटलेली गादी सहसा आपोआप भरून येत नाही. त्या काळात सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया करून फाटका भाग काढून टाकणं. त्यानं दुखणं थांबतं, खेळाडू काही आठवड्यांत परत उभा राहतो. पण गादी कमी झाली की हाडांवरचं गुळगुळीत आवरण झिजायला लागतं. मग प्रत्येक धावेला, प्रत्येक उडीला गुडघा सुजतो, आणि सूज उतरायला दिवस लागतात.

मॅकग्राच्या गुडघ्यांवर एकूण आठ शस्त्रक्रिया झाल्या. इतकी झीज झालेल्या पायांनी आठवड्यात चार दिवस सराव आणि शनिवारी सामना हे शक्यच नव्हतं. दोन्हींपैकी एकच निवडायचं होतं. व्हिलानं शनिवार निवडला, आणि फिजिओ जिम वॉकर यांनी आठवडाभर ते गुडघे सांभाळून शनिवारपर्यंत आणायचं काम वर्षानुवर्षं केलं. माझ्या मते वॉकर यांचं नाव या कारकिर्दीत प्रशिक्षकांच्या बरोबरीनं घ्यायला हवं.

आता मागे जाऊ. मॅकग्राचा जन्म ४ डिसेंबर १९५९चा, लंडनच्या ईलिंग भागातला. आई आयरिश, वडील नायजेरियन. आईचं लग्न झालेलं नव्हतं. त्या काळच्या कॅथलिक आयर्लंडमध्ये अविवाहित मुलीला दिवस गेले तर घरात आणि गावात तोंड दाखवायची सोय नसे, म्हणून अशा कितीतरी मुली गुपचूप समुद्र ओलांडून इंग्लंडला जात. मॅकग्राची आई त्यातलीच एक. बाळ काही आठवड्यांचं असतानाच दुसऱ्यांकडे सांभाळायला द्यावं लागलं, आणि पॉलचं पुढचं बालपण डब्लिनमधल्या अनाथाश्रमांत गेलं. सगळं शहर गोऱ्या लोकांचं. त्यात हा एक सावळा, आईबापाविना वाढणारा मुलगा. रस्त्यावरच्या शिव्या त्यानं लहानपणापासून ऐकल्या. बोलायला लाजणारा, चारचौघांत अंग चोरून बसणारा हा मुलगा फुटबॉल पायात आला की मोकळा होत असे.

इथे आयर्लंडच्या फुटबॉलविषयी थोडं सांगायला हवं. तिथे फुटबॉल हा एकमेव मोठा खेळ नाही. गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे त्यांचे मातीतले खेळ. त्या खेळांच्या संघटनेनं तर १९७१पर्यंत आपल्या सभासदांना सॉकरसारखे 'परदेशी' खेळ खेळायला बंदी घातलेली होती. देशातली फुटबॉल लीग छोटी, बरेच खेळाडू दिवसा नोकरी करून संध्याकाळी खेळणारे. ज्याला यातच पोट भरायचं असेल त्यानं इंग्लंडला जायचं. म्हणून हुशार आयरिश मुलं पंधरा-सोळाव्या वर्षीच इंग्लिश क्लबांत शिकाऊ म्हणून दाखल होत.

मॅकग्राला तसं कुणी नेलं नाही. तो डॉकी युनायटेडसारख्या हौशी क्लबाकडून खेळत राहिला. पत्र्याच्या कारखान्यात उमेदवारी केली, सुरक्षारक्षकाची नोकरी केली. १९८१ मध्ये सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिक या डब्लिनच्या इंचिकोर भागातल्या क्लबानं त्याला घेतलं. एकाच हंगामात त्यानं सगळ्यांना वेड लावलं, आयर्लंडच्या खेळाडूंनी त्याला त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. 'इंचिकोरचा काळा मोती' हे नाव त्याला तिथेच पडलं. १९८२च्या वसंतात मँचेस्टर युनायटेडनं ३० हजार पौंड मोजून त्याला उचललं. वय २२. इतर मुलं ज्या वयात पाच-सहा वर्षांचं प्रशिक्षण घेऊन पक्की झालेली असतात, त्या वयात हा इंग्लंडच्या बोटीत बसला. मला वाटतं त्याच्या खेळातला मोकळेपणा यामुळेच टिकला. चेंडू आला की कसाबसा लांब भिरकावून द्यायचा, ही त्या काळच्या इंग्लिश बचावपटूंना लावली जाणारी सवय त्याला लागलीच नाही. तो चेंडू छातीवर घ्यायचा, थांबवायचा, बघायचा आणि पास द्यायचा.

मँचेस्टरमधलं त्याचं सगळ्यात मोठं यश १९८५ची एफए कपची अंतिम लढत. एफए कप म्हणजे इंग्लंडमधल्या लहानमोठ्या सगळ्या क्लबांची बाद फेरीची स्पर्धा. वेम्ब्लीवर समोर एव्हर्टन, त्या वर्षीचा लीग विजेता. ७८व्या मिनिटाला मॅकग्राचा जोडीदार केविन मोरन याला पंचांनी मैदानाबाहेर काढलं. एफए कपच्या अंतिम सामन्यात असं पहिल्यांदाच घडत होतं. दहा जणांनिशी, मधला एक बचावपटू कमी झालेला असताना, युनायटेडनं उरलेली बारा मिनिटं आणि जादा वेळेची तीस मिनिटं एव्हर्टनला गोल करू दिला नाही. ११०व्या मिनिटाला नॉर्मन व्हाइटसाइडनं उजवीकडून आत येत चेंडू दूरच्या कोपऱ्यात घातला आणि युनायटेड जिंकलं.

याच सामन्याच्या निमित्तानं एक गोष्ट स्पष्ट करून टाकतो, कारण वाचकांचा इथे हमखास गोंधळ होतो. फुटबॉलमध्ये दोन आयर्लंड आहेत. व्हाइटसाइड बेलफास्टचा, तो नॉर्दर्न आयर्लंडकडून खेळायचा. मोरन आणि मॅकग्रा रिपब्लिक ऑफ आयर्लंडकडून. आणि लंडनमध्ये जन्मलेला मॅकग्रा आयर्लंडचा कसा? नियम असा की आई-वडील किंवा आजी-आजोबा ज्या देशाचे, त्या देशाकडून खेळता येतं. पुढे आयर्लंडच्या संघात इंग्लंडमध्ये जन्मलेले, इंग्लिश बोलीत बोलणारे बरेच खेळाडू आले ते याच नियमाने. मॅकग्रा मात्र वाढलाच डब्लिनमध्ये, त्याच्या बाबतीत कुणी कागद बघायची गरज नव्हती.

मँचेस्टरच्या वर्षांतच दोन दुखणी सोबत वाढली. एक गुडघ्याचं, दुसरं दारूचं. त्या काळी इंग्लिश फुटबॉलमध्ये सामन्यानंतर पिणं हा संघाच्या दोस्तीचाच भाग मानला जायचा. पण मॅकग्राचं पिणं दोस्तीपुरतं नव्हतं. पुढे २००६ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्यानं स्वतःच याबद्दल काही हातचं न राखता सांगितलं आहे. लाजाळू माणसाला दारू चार शब्द बोलायचं बळ देते आणि त्याची किंमत नंतर वसूल करते. शस्त्रक्रियेनंतरचे रिकामे आठवडे तर अशा माणसाला सगळ्यात वाईट. खेळायचं नाही, सराव नाही, घरी बसायचं.

१९८६ मध्ये ॲलेक्स फर्ग्युसन मँचेस्टरला व्यवस्थापक म्हणून आले. त्यांना शिस्त हवी होती, आणि हा खेळाडू एकतर दुखापतग्रस्त नाहीतर बेपत्ता. १९८९ मध्ये क्लबनं त्याच्यापुढे प्रस्ताव ठेवला: एक लाख पौंड घे आणि निवृत्त हो. वय २९. फर्ग्युसन यांना मी दोष देत नाही. त्यांच्यासमोर त्या गुडघ्यांचे अहवाल होते आणि त्या वागण्याचा अनुभव होता. पण मॅकग्रानं नकार दिला. साधारण चार लाख पौंडांत ॲस्टन व्हिलानं त्याला घेतलं, आणि तिथून तो लीगचे २५३ सामने खेळला.

व्हिलात व्यवस्थापक होते ग्रॅहम टेलर. पहिल्याच हंगामात व्हिला लीगमध्ये दुसरं आलं, लिव्हरपूलच्या मागे. टेलर गेले, पुढे रॉन ॲटकिन्सन आले. हे तेच, ज्यांनी १९८२ मध्ये मॅकग्राला मँचेस्टरला आणलं होतं. माणूस त्यांच्या ओळखीचा होता. काय मागायचं आणि काय मागायचं नाही हे त्यांना ठाऊक होतं.

मग आला १९९२-९३चा हंगाम, आणि त्याच वर्षी खेळाचा एक नियम बदलला. हा बदल मला मॅकग्राची थोरवी सांगायला सगळ्यात उपयोगी वाटतो. तोवर बचावपटू अडचणीत आला की चेंडू मागे गोलरक्षकाकडे ढकलायचा आणि गोलरक्षक तो हातात घ्यायचा. विषय संपला. १९९०च्या विश्वचषकात या सोयीचा इतका वापर झाला की प्रेक्षक कंटाळून गेले. खुद्द आयर्लंड आणि इजिप्तच्या सामन्यात चेंडू पुन्हा पुन्हा आयर्लंडचा गोलरक्षक पॅकी बॉनर याच्या हातात जाऊन विसावत होता. १९९२ मध्ये नियम आला की सहकाऱ्यानं पायानं मुद्दाम दिलेला पास गोलरक्षकानं हातात घ्यायचा नाही.

वर्षानुवर्षं त्या सोयीवर विसंबलेल्या बचावपटूंची यामुळे धांदल उडाली. मागचं दार बंद झालं होतं. आता चेंडू पायात आल्यावर समोरून आघाडीपटू धावत येतोय आणि आपल्याला थांबवता, वळता, पास देता यायला हवा. मॅकग्राला यात काही नवीन नव्हतं, तो डॉकीपासून हेच करत आला होता. त्या हंगामात तो आणि शॉन टील ही व्हिलाची मधली जोडी. नव्यानं सुरू झालेल्या प्रीमियर लीगचा तो पहिलाच हंगाम, त्यात व्हिला मँचेस्टर युनायटेडशी अखेरच्या आठवड्यांपर्यंत झुंजलं आणि दुसरं आलं. इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेनं त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून मॅकग्राला निवडलं. हा पुरस्कार खेळाडूंच्या मतांनी ठरतो, म्हणजे मतं देणारे तेच लोक, जे दर शनिवारी त्याच्यासमोर उभे राहत होते. त्याचं वय तेव्हा ३३ होतं.

पुढच्याच वर्षी, मार्च १९९४ मध्ये, लीग कपच्या अंतिम सामन्यात व्हिलानं युनायटेडला ३-१ असं हरवलं. युनायटेडनं त्या हंगामात लीग जिंकली, एफए कप जिंकला. देशातल्या तिन्ही स्पर्धा एकाच वर्षी जिंकायचं त्यांचं स्वप्न या एका सामन्यात राहून गेलं. व्हिलाचे प्रेक्षक मॅकग्राला सरळ 'देव' म्हणू लागले होते, आजही म्हणतात.

देशासाठीची गोष्ट समांतर चालू होती. १९८५ मध्ये इटलीविरुद्ध तो आयर्लंडकडून पहिल्यांदा खेळला. १९८६ मध्ये जॅक चार्ल्टन प्रशिक्षक झाले. हे इंग्लिश, १९६६चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंड संघातले बचावपटू. चार्ल्टन यांची पद्धत सोपी आणि कष्टाची होती. चेंडू समोरच्या बचावफळीच्या मागे टाका, त्यांना आपल्याच गोलाकडे तोंड करून पळायला लावा आणि तिथेच त्यांच्यावर तुटून पडा. त्यांच्याकडे बचावफळीच्या मधोमध मिक मॅकार्थी आणि मोरन होते, म्हणून त्यांनी मॅकग्राला अनेकदा बचावफळीच्या पुढे, मध्यरक्षक म्हणून खेळवलं. वाचणाऱ्या माणसाला एक पान पुढे बसवल्यासारखं. समोरची चाल बचावफळीपर्यंत पोहोचायच्या आधीच तो मध्ये पाय घालून मोकळा व्हायचा.

१९८८च्या युरोपियन स्पर्धेत स्टुटगार्टला आयर्लंडनं इंग्लंडला १-० असं हरवलं. १९९० मध्ये देश पहिल्यांदाच विश्वचषक खेळला. गटातले तिन्ही सामने बरोबरीत, मग जिनोआत रुमानियाविरुद्ध पेनल्टी शूटआउट. बॉनरनं तिमोफ्तेची पेनल्टी अडवली, डेव्हिड ओलिअरीनं शेवटची मारली. उपांत्यपूर्व फेरीत रोममध्ये इटलीनं स्किलाचीच्या एकमेव गोलवर हरवलं. पाच सामन्यांत आयर्लंडनं दोनच गोल केले आणि एकही सामना निर्धारित वेळेत जिंकला नाही, तरी ते शेवटच्या आठांत होते. या यशाचा केवढा वाटा मागे उभ्या असलेल्यांचा होता हे यावरूनच समजतं.

रोमच्या दुसऱ्या दिवशी, १ जुलैला, संघ डब्लिनला परतला. योगायोग असा की त्याच दिवशी, तुरुंगातून सुटून काही महिनेच झालेले नेल्सन मंडेला डब्लिनला आले होते. गर्दीतून त्यांच्यासाठी आरोळी उठली, 'ऊ आ, पॉल मग्राचा बा!' असं आजही तिथे प्रेमानं सांगतात. ज्या शहरात लहानपणी त्याच्या रंगावरून शिव्या दिल्या, त्याच शहराला आता मंडेलांचं स्वागत करताना त्याचं नाव आठवलं.

आणि याच वर्षांत तो अधूनमधून गायबही होत होता. ऑक्टोबर १९९० मध्ये तुर्कस्तानविरुद्ध डब्लिनला सामना होता. संघाची बस मैदानाशी आली आणि दारूमुळे त्याची अवस्था अशी होती की त्याला बसमधून उतरता आलं नाही. बाहेर कारण सांगायचं तर गुडघा होताच. गुडघा खरंच खराब होता, म्हणून कुणाला शंकाही यायची नाही. सांभाळून घेणारे सगळे त्याच्यावर जीव लावणारे होते, यात मला शंका नाही. पण त्या झाकण्यामुळे औषधोपचाराची वेळ पुढे पुढे गेली असं मला वाटतं, आणि हे लिहिताना वाईट वाटतं.

व्हिलाबरोबर १९९६ मध्ये त्यानं आणखी एक लीग कप जिंकला, लीड्सवर ३-० असा. तेव्हा तो तीन मधल्या बचावपटूंपैकी एक होता, सोबत उगो एहिओगू आणि गॅरेथ साउथगेट ही तरुण पोरं. तिघं मध्ये असले की पळायचं काम दोघांत वाटता येतं आणि एक जण बघून सूचना देऊ शकतो. ३६ वर्षांच्या गुडघ्यांना ही रचना मानवली. मग डर्बी काउंटी, मग शेफील्ड युनायटेड, आणि १९९८ मध्ये निवृत्ती. आयर्लंडकडून ८३ सामने, ८ गोल.

हे सगळं वाचून एकच सामना बघायचा असेल तर १८ जून १९९४चा बघा. अमेरिकेतला विश्वचषक, न्यू यॉर्कजवळचं जायंट्स स्टेडियम, आयर्लंड विरुद्ध इटली. ११व्या मिनिटाला इटलीच्या बारेसीनं डोक्यानं मारलेला चेंडू अपुरा पडला, आयर्लंडच्या रे हाउटननं तो छातीवर घेतला आणि डाव्या पायानं गोलरक्षक पाग्लिउकाच्या डोक्यावरून आत टाकला. उरलेला सगळा वेळ इटली अंगावर येत राहिली. रॉबर्टो बाज्जो, सिन्योरी, नंतर मासारो. हाच संघ पुढे अंतिम सामन्यापर्यंत गेला.

मॅकग्रा ३४ वर्षांचा. खांद्याला झालेल्या विषाणूसंसर्गामुळे एक हात नीट वर जात नव्हता. हेडरला उडी मारताना हातांनीच तोल सांभाळतात, म्हणजे त्या दिवशी तोही आधार नव्हता. शेजारी फिल बॅब, त्याच्याहून अकरा वर्षांनी लहान. बॅब पळायचा, मॅकग्रा थांबायचा. एका क्षणी इटलीचा हल्ला आयर्लंडच्या गोलासमोरच अडकून पडला. मॅकग्रानं एक चेंडू अडवला, तो परत आला, त्यानं पुन्हा पाय घातला, पुन्हा परत आला, आणि शेवटचा जोरदार फटका त्यानं थेट तोंडावर घेतला. खाली पडला, उठला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला. सामना १-० असाच संपला.

तो प्रसंग सगळे दाखवतात, आणि तो दाखवण्यासारखाच आहे. पण चित्रफीत मिळाली तर दुसऱ्यांदा बघताना एक करा. इटलीचा खेळाडू मधल्या भागात चेंडू घेऊन मान वर करतो तेव्हा त्याच्याकडे बघू नका. पाच नंबरच्या पायांकडे बघा. दोन पावलं मागे, एक पाऊल डावीकडे. मग चेंडू येतो.